घाण आणि घान

कारखान्यातल्या माझ्या टेबलामागे एक खिडकी आहे आणि तिच्या कट्ट्यावर बाटल्यांची रांग असते. जे काही आम्ही बनवतो त्यातली एकेक बाटली मी तिथे उन्हात ठेवते आणि सकाळी आल्यावर, चहाच्या आधी, एकेक झाकण उघडून वास घेते. पाण्यात काही बिघडू लागलं तर नाकाला ते सगळ्यांत आधी कळतं. सवय इतकी अंगवळणी पडली आहे की घरी कोणी डबा उघडला तरी मी आधी नाक पुढे करते. आई म्हणते, "मांजर आली बघा."

आम्ही फरशी पुसायचं लिक्विड करतो, भांड्यांचं करतो, हात धुवायचं करतो, आणि अलीकडे चेहऱ्याला लावायचं गुलाब-कोरफडीचं जेलही करतो. रंग आणि बाटलीवरच्या चिठ्ठ्या वेगळ्या, पण आत बहुतेक पाणीच. कारखान्यात काय काम करतेस असं कोणी विचारलं की मी सांगते, कशात काय घालायचं ते ठरवते. ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात निम्मा दिवस पाण्याशी भांडण्यात जातो. आमच्या बोअरचं पाणी जड आहे. त्यात साबणाचा फेस बसतो आणि तळाला पांढरा साका राहतो. ते आधी गाळून हलकं करायचं. मग फेस आणणारा पदार्थ निवडायचा, तो चिकटा काढणारा हवा आणि भांडी घासणारीच्या हाताची सालं काढणारा नको. घट्टपणासाठी मीठ घालायचं, पण हात राखून, कारण मीठ जास्त झालं की घट्ट झालेलं लिक्विड पुन्हा ताकासारखं पातळ होतं. आंबटपणा बघायचा. रंग आणि सुगंध सगळ्यांत शेवटी. आणि त्याच्याही आधी एक गोष्ट, जिच्यावरून दर वेळी वाद होतो. बाटलीतलं पाणी नासू नये म्हणून घालायचं प्रिझर्व्हेटिव्ह.

हे सगळं मला येतं याचं मला स्वतःलाच अजून नवल वाटतं. आमचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून आले असं घरात सांगतात. माझ्या वडिलांच्या वाट्याला ग्वाल्हेरजवळच्या डबऱ्याला ट्रकांच्या ताडपत्र्या शिवणं आलं. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत एकच ब्युरेट होतं, तेही टोकाशी फुटलेलं. रसायनशास्त्राचे मास्तर ते स्वतःच्या हाताने धरून एकेकीला थेंब सोडायला लावायचे आणि म्हणायचे, "घाई नको. रंग बदलला की थांबायचं, तेवढंच शास्त्र आहे." त्यांनीच वडिलांना दुकानात जाऊन सांगितलं की मुलीला ग्वाल्हेरला पाठवा. ग्वाल्हेरला माधवगंजात वडिलांची एक चुलत आत्या होती. तिने मला बी.एस्सी. संपेपर्यंत आपल्या घरात ठेवून घेतलं आणि एकदाही ते बोलून दाखवलं नाही. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर.

पदवीनंतर बराच काळ कोणी विचारेना. तेव्हा सेठजींनी मला बोलावलं. कारखाना त्यांचा, ग्वाल्हेरच्या बाहेर, डबऱ्याच्या रस्त्यावर. सर्टिफिकेट त्यांनी उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "हमारे यहाँ सब अंदाज़ से चलता है, बिटिया. तुम पढ़ी-लिखी हो, तुम देखो." एवढ्या एका वाक्यावर मी इथे आले ती आजपर्यंत आहे. ज्याने दार उघडलं त्याला नाही म्हणताना जीभ जड होते. पुढे जे झालं त्यात या जड जिभेचाही भाग होता.

कारखान्यात मराठी बोलणारे आम्ही दोघेच. दुसरे मामा. ते कोणाचेच मामा नाहीत, पण सगळे त्यांना मामाच म्हणतात. मोठ्या टाकीत माल ढवळायचं काम त्यांचं. त्यांची हयात हिंदीत गेली, पण मराठीचा अभिमान असा की खडूने काही लिहायचं झालं तर मराठीतच लिहितात. बोलायला लागले की मात्र, "अगं ताई, टँकर तर आलाच नाही, आता काय करायचं ते तूच सांग ना यार," असं बोलतात. पाण्याला ते पाणी म्हणतात, पानी नाही, आणि यावरून भरणीच्या बायका त्यांची रोज थट्टा करतात. भरणीच्या बायका म्हणजे बाटल्या भरून झाकणं लावणाऱ्या. सगळ्या इथल्याच, हिंदी बोलणाऱ्या.

"मामा, पाऽणी पिलाओ."

"पिलवतो. आधी नीट म्हणायला शीक."

"हम तो न बोलते हैं, आप लोग हर जगह ण लगा देते हो. नाक में बोलते हो."

"नाकात नाही, टाळूला लागते जीभ. तुमची लागत नाही, त्याला मी काय करू?"

आणखी एक शब्द सांगायला हवा. एका वेळी टाकीत जेवढा माल तयार होतो त्याला इथे घान म्हणतात. हलवाई कढईत एकदा जेवढ्या कचोऱ्या सोडतो तोही घान. आपल्या मराठीत घाणा म्हणतात तसंच. नोकरीला लागले त्या पहिल्या आठवड्यात मी घरी येऊन म्हटलं, "आज हात धुवायच्या लिक्विडचे दोन घान काढले," तर आई पोळी लाटता लाटता थांबली. "एवढं शिकून घाण काढायला ठेवलंय का तुला?" मग आम्ही दोघी हसलो. तो विनोद घरात बरेच दिवस पुरला.

गुलाब-कोरफडीचं जेल ही सेठजींच्या सुनेची कल्पना. तिला मी भाभी म्हणते, ती मला दीदी. शिकलेली, कामाची, दुपारी मुलाला शाळेतून आणून थेट कारखान्यात येणारी. लहानपणी त्या मुलाच्या अंगावर कसल्याशा क्रीमने पुरळ उठलं होतं, तेव्हापासून केमिकल या शब्दाची तिने धास्ती घेतली आहे. ती मला कधी फसवी वाटली नाही. तिला खरंच भीती वाटते, आणि भीतीशी वाद घालणं फार दमवणारं असतं.

"दीदी, इसमें वो प्रिझर्व्हेटिव्ह मत डालना. विटामिन ई डाल दो, नीम डाल दो."

मी सांगायची, विटामिन ई तेलाला खवट होऊ देत नाही, पाण्यातल्या जंतूंचं ते काही करत नाही. कोरफड आणि गुलाबाचा अर्क म्हणजे तर जंतूंना पंगतच. कडुनिंब थोडा रोखेल, पण चेहऱ्याच्या जेलमध्ये तेवढा कडुनिंब घातला तर कोणी बाटली उघडणार नाही. ती नीट ऐकायची. ऐकून झाल्यावर म्हणायची, "हाँ, पर दादी लोग तो बिना कुछ डाले बनाती थीं." आणि आमचं बोलणं पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. मागच्या उन्हाळ्यापर्यंत हे संभाषण इतक्यांदा झालं होतं की तिची वाक्यंही मला पाठ झाली होती. शेवटी मी म्हटलं, एक घान तुम्ही म्हणता तसा काढू आणि ठेवून बघू. मी थकले होते. नाही म्हणण्यापेक्षा करून दाखवणं सोपं वाटलं.

तेव्हा सेठजींच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मेंदीला येणाऱ्या बायकांना देण्याच्या भेटीत भाभीला जेलची बाटली घालायची होती, आणि दुसऱ्या दिवशी हळदीच्या आधी नवरी स्वतः तेच लावणार होती. तोपर्यंत घान ड्रममध्ये होता, झाकून. बाहेर लूच्या गरम झळा चालल्या होत्या. एका सकाळी मी झाकण उघडलं. वर गुलाब होता, पण त्याच्या मागून ओलं फडकं बादलीत राहून गेल्यावर येतो तो वास आला. जेल पातळ झालं होतं, ढवळल्यावर बारीक बुडबुडे वर आले.

भाभीला फोन केला. "भाभी, जेल स्टेबल नाही वाटत आहे," असं काहीतरी मी अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत बोलले. ती लग्नाच्या बाजारात होती. "थोड़ा और गाढ़ा कर लो ना, दीदी," म्हणाली. मी म्हटलं, बघते. नवा घान काढायचा, त्यात घालायला हवं ते घालायचं, आणि समोर बसून एकदा समजावून सांगायचं, असं मी मनाशी ठरवलं.

मामांना म्हटलं, "हा ड्रम बाजूला घ्या. असं आंबलेलं तसंच नालीत सोडायचं नाही, ब्लीच घालून ठेवू. ब्लीच संपलंय, उद्या आणते. कोणी हात लावू नये असं काहीतरी लिहून ठेवा."

मामांनी खडू घेतला आणि ड्रमवर मोठ्या, वळणदार अक्षरात लिहिलं: घाण.

याहून स्पष्ट काय लिहिणार? मी वाचलं आणि मला ते अगदी बरोबर वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. मामा स्टेशनजवळ पडावला ट्रान्सपोर्टवर आलेला माल सोडवायला गेले होते. मी दुपारी पोचले तेव्हा ड्रम उलटा करून धुऊन ठेवला होता.

"जेल कुठंय?"

"भर दिया, मॅडम," भरणीतली सगळ्यांत जुनी बाई म्हणाली. तिचा चेहरा खुश होता. "भाभीजी का फ़ोन था कि मेहंदी से पहले चाहिए. हमने देखा, घान तैयार रखा है. गाड़ी भी आके ले गई."

"त्यावर लिहिलं होतं ना?"

"हाँ, लिखा था ना, घान. मामा ने लिखा था." मग ती हसली. "मामा का ण. पानी को पाणी, घान को घाण. अब तो हमको आदत है."

तिचं चुकलं कुठे होतं? वर्षानुवर्षं मामांच्या प्रत्येक ण चा तिने मनातल्या मनात न केला होता, तसाच याही वेळी केला. तेवढ्यात मामा आले. मी सांगितलं तसे ते ड्रमकडे बघत उभे राहिले. खडूचं अक्षर धुतलं गेलं होतं, तरी ते तिथेच बघत होते.

"स्वच्छ लिहिलं होतं, ताई."

"लिहिलं होतं, मामा. चला."

मेंदी त्याच दुपारी होती. भाभी फोन उचलत नव्हती, लग्नाच्या घरात फोन कोण उचलतं? आम्ही टेम्पोने पडावपर्यंत आणि तिथून ई-रिक्षाने पाटणकर बाजारात गेलो. सेठजींचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत. वाटेत मामा एकदाच बोलले. "तोंडाला लावलं तर काय होईल?"

"एखादीला काहीच होणार नाही. एखादीला फोड येतील, डोळ्यात गेलं तर डोळा येईल. आजच मेंदी, उद्या हळद, परवा लग्न. कोणाला काय होईल ते मी कसं सांगू?"

खरं तर मला एकीचाच चेहरा दिसत होता. नवरीचा.

अंगणात मांडव होता, कूलर फिरत होते, बायका हात पसरून बसल्या होत्या. एका सतरंजीवर भेटींच्या टोपल्या, प्रत्येकीला रिबन, प्रत्येकीत आमची गुलाबी बाटली. नवरीच्या एका हातावर मेंदी झाली होती, दुसऱ्या हातात तिने बाटली धरली होती आणि शेजारच्या मैत्रिणीला सांगत होती की कल सुबह यही लगाऊँगी, भाभी ने घर का बनवाया है.

भाभीने आम्हाला बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. "अरे दीदी, मामा, आप लोग भी आ गए. पहले ठंडा लो."

मी तिला बाजूला घेतलं. "भाभी, जरा जेल में... स्टेबिलिटी का थोड़ा इश्यू है."

"आज मत बताओ ना, दीदी. लग्न के बाद देखेंगे." लग्न हा आमचा शब्द ती हल्ली गमतीने वापरायची.

मी मामांकडे बघितलं. मामा पुढे झाले. ते तसे मोकळे, पण या घराचं त्यांनी इतकी वर्षं मीठ खाल्लेलं. लग्नाच्या मांडवात, नवरीसमोर, सडलं-कुजलं असला अशुभ शब्द त्यांच्या तोंडून निघेना. त्यांनी आवाज खाली आणून आपल्या मराठीतलाच शब्द सांगितला. "बहू, वो घाण है. घाण."

"हाँ मामा, पता है," भाभी म्हणाली. "नया घान है. कितना अच्छा निकला है."

बायका हसल्या. कोणीतरी म्हणालं, मामा का ण सुनो. मामांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की आता त्यांच्याकडचे शब्द संपले आहेत. माझ्याकडे होते. मी ते कालपासून चावत बसले होते. स्टेबल नाही, फरक पडलाय, थोडा इश्यू आहे. ज्या घराने मला उभं केलं त्या घराच्या मांडवात उभी राहून मी म्हटलं,

"भाभी, सड़ गया है. किसी को चेहरे पर मत लगाने दीजिए."

नवरीने बाटली खाली ठेवली आणि बोट ओढणीला पुसलं. ते बोट तिने आधीच बुडवलं होतं हे मला तेव्हा कळलं.

"धो लो," मी तिला म्हटलं. "अभी. साबण से."

भाभीने टोपलीतली एक बाटली उचलली आणि झाकण फिरवलं. सोड्याच्या बाटलीसारखं हलकंच फुस झालं. तिने वास घेतला. आधी तिला गुलाबच लागला असावा, कारण ती माझ्याकडे रागाने बघू लागली. मग तिने पुन्हा घेतला आणि चेहरा बदलला. ती खाली बसली आणि रिबनी सोडू लागली. मीही बसले. मामा एकेक बाटली पोत्यात भरत गेले. मेंदीवाली क्षणभर थांबली आणि पुन्हा कोन हातात घेऊन कामाला लागली.

"कोई ले तो नहीं गया?" मी विचारलं.

"अभी किसी को नहीं दिया था," भाभी म्हणाली. मी शेवटच्या टोपलीची रिबन सोडली.

सेठजी दारात येऊन हे सगळं बघत होते. निघताना म्हणाले, "बिटिया, पहले क्यों नहीं बताया?"

"बताया था, सेठजी. भाभी को फ़ोन किया था."

त्यांनी मान हलवली. "ऐसे नहीं बताया होगा."

ते रागावले नव्हते, उलट मामांना आणि मला जेवल्याशिवाय जाऊ देईनात. पंगतीत आम्ही दोघे शेजारी बसून जेवलो. टोपल्यांत बाटल्यांच्या जागी बांगड्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी हळदीला भाभीने वाटीत बेसन, हळद, साय आणि गुलाबपाणी कालवलं आणि ते नवरीला लावलं. मला नंतर तिने जरा घुश्श्यातच विचारलं, "उसमें भी तो पानी था. उसमें तो कुछ नहीं डाला."

"ते वाटीत कालवलं आणि तासाभरात न्हाणीत वाहून गेलं, भाभी," मी म्हटलं. "बाटलीला महिनोन् महिने राहायचं असतं. दादी लोग बाटली भरून दुकानात ठेवत नव्हत्या."

हेच मी तिला आधीही सांगितलं होतं, अगदी याच शब्दांत. या वेळी तिने ऐकून घेतलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली नाही.

पुढच्या घानाच्या वेळी ती माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसली. मी तिला दाखवलं की जे प्रिझर्व्हेटिव्ह आपण घालणार ते आंबट जेलमध्येच काम करतं, म्हणून आधी लिंबाच्या सत्त्वाने आंबटपणा आणायचा, आंबटपणा दाखवणाऱ्या कागदाचा रंग बघायचा आणि मगच ते घालायचं, आणि तेही लागेल तेवढंच. मास्तरांसारखं मी म्हटलं, घाई नको. रंग बदलला की थांबायचं. तिने आधी स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघितलं, काही दिवसांनी मुलाच्या. त्याला काही झालं नाही. चिठ्ठीवर त्या प्रिझर्व्हेटिव्हचं नाव छापायचं असं तीच म्हणाली. आता दुकानात काही गिऱ्हाइकं तेच नाव वाचून बाटली परत ठेवतात, आणि भाभी ते मला येऊन सांगते. हल्ली तिच्या डोक्यात बिना केमिकलचा शॅम्पू आहे. मी म्हटलं, बघू. मग लगेच स्वतःला थांबवून म्हटलं, नाही भाभी, असा नाही होणार.

मामांनी घाण लिहायचं सोडलं नाही. मी सुचवलं की फुली मारा किंवा हिंदीत ख़राब लिहा. ते म्हणाले, "शब्द बरोबर आहे तर का बदलायचा?" तेव्हा आता रीत अशी पडली आहे की कोपऱ्यात ड्रम दिसला की भरणीची जुनी बाई आधी माझ्या टेबलाशी येते.

"मॅडम, वो न वाला है कि ण वाला?"

मी खिडकीतली बाटली ठेवून उठते, ड्रमपाशी जाते, झाकण उघडते आणि वास घेते. बहुतेक वेळा न वालाच असतो.